नाण्यावर चालणारी खेळयंत्रे : दुरुस्ती आणि सुरक्षितता

नाणे टाकून चालणाऱ्या खेळयंत्रातील बिघाड पुष्कळदा पडद्यात नसून नाणे तपासणाऱ्या भागात असतो. भोर-वेल्हे परिसरातील पावसाळी दमट हवेत नाण्याच्या मार्गात धूळ चिकटते. वीज बंद करून तो मार्ग कोरड्या ब्रशने साफ करावा. तेल घालू नये, कारण त्यावर धूळ अधिकच बसते. नाणे पडूनही खेळ सुरू होत नसल्यास स्विचची वाकलेली तार हलकेच पूर्ववत करावी.

सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९२ पासूनचा पोलादी रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपये, ही दोन्ही नाणी २५ मिलिमीटर व्यासाची व ४.८५ ग्रॅम वजनाची आहेत. केवळ व्यास, वजन व धातू पाहणाऱ्या यंत्राला त्यांतील भेद कळत नाही. दोन रुपयांच्या खेळाला एक रुपया पुरतो, आणि मालकाला ते हिशेबाच्या वेळीच उमगते. लोखंडी चकत्या अडविणारे चुंबकही येथे निरुपयोगी, कारण ही खरी नाणीच चुंबकाला चिकटतात. त्यापेक्षा २७ मिलिमीटरचे द्विधातू दहा रुपयांचे नाणे अथवा मालकाचे स्वतंत्र टोकन स्वीकारणे श्रेयस्कर. पैशाच्या पेटीची किल्ली मात्र दुरुस्तीच्या दाराच्या किल्लीहून वेगळी असावी; कारागिराला पेटी उघडण्याचे काही कारण नसते.