हम्फ्रीला झोपेची एवढी घाई का?

मी काशीच्या रामघाटावरून बोलतेय. आजचा विषय आहे ‘बेअरली अस्लीप’, म्हणजे डिस्नेचं 1955 सालचं कार्टून. दिग्दर्शक जॅक हॅना. गोष्ट एवढीशीच: हिवाळा लागतो, अस्वलं गुहेत झोपायला जातात. हम्फ्री नावाचं अस्वल इतकं घोरतं की बाकीची त्याला बाहेर हाकलतात. मग रेंजर डोनाल्ड डकच्या घरात ते पाठ टेकायला जागा शोधत राहतं. आपण हसतो. पण त्याला एवढी घाई कशाची, ते समजून घेऊ.

शीतनिद्रा ही खरं तर काटकसर आहे. बर्फात खायला मिळत नाही, म्हणून अस्वल थंडीआधी भरपूर खाऊन चरबी साठवतं आणि पुढचे काही महिने त्याच शिदोरीवर काढतं. अमेरिकेतलं काळं अस्वल या काळात खात नाही, पाणी पीत नाही, मलमूत्रही टाकत नाही. शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण चौथाईवर येतो. तापमान मात्र थोडंच उतरतं, त्यामुळे त्याला जागही लवकर येते. मार्मोटसारखा छोटा प्राणी पाच-सहा अंशांपर्यंत गार पडतो. त्याला उठायला तासन्‌तास लागतात. म्हणजे हम्फ्रीचं उठून भटकणं अगदीच खोटं नाही. फक्त अशा प्रत्येक जागरणात शिदोरीतले चार घास कमी होतात.

मग मेळघाट-ताडोबातलं आपलं अस्वल का झोपत नाही? तिथली थंडी बेताची, आणि वाळवी, मुंग्या, बोरं, मोहाची फुलं यांतलं काही ना काही वर्षभर मिळतं. उलट देशावरचा मोठा बेडूक कोरड्या दिवसांत मातीखाली पडून राहतो आणि पावसाची चाहूल लागली की वर येतो. जशी टंचाई, तशी झोप.

आता घरातलं उदाहरण. कोकणातून पाहुणे पौषात आले की विचारतात, “तुमच्याकडे पाली नाहीत वाटतं?” आहेत हो! कोकणात त्या बाराही महिने भिंतीवर दिसतात. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. पालीला अंगात ऊब तयार करता येत नाही, आणि किडेही कमी होतात. मग ती तसबिरीमागे, चौकटीच्या फटीत निपचित पडते. अस्वलाच्या झोपेपेक्षा हा प्रकार वेगळा, पण हिशेब तोच.

तेव्हा थंडीत झाडलोट करताना तसबिरीमागे गारठलेली पाल सापडली, तर ती मेली समजून बाहेर टाकू नका. त्या थंडीत तिला पळून आडोसा गाठता येत नाही. तसबीर हळूच पुन्हा टांगा. होळीच्या सुमारास ती आपली आपण बाहेर येईल.

भेटू पुढच्या भागात.