शब्दांची कुळकथा : व्हॅक्सिन आणि लस

व्हॅक्सिन या शब्दात गाय आहे. लॅटिनमध्ये गाईला 'व्हाका' म्हणतात, आणि 'व्हॅक्सिनस' म्हणजे गाईचा. वैद्यकातल्या कितीतरी संज्ञा ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून विद्वानांनी घडवल्या. ही मात्र थेट गोठ्यातून आली.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरकडे धारा काढणाऱ्या बायकांना गाईच्या सडांवरच्या फोडांचा संसर्ग होई. एकदा तसे फोड हातावर येऊन गेले की देवीच्या आजाराची भीती नाही, असे तिथले लोक मानत. बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी हे बोलणे अडाण्यांचे म्हणून उडवून लावले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. १४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. काही आठवड्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. त्याला आजार झाला नाही. (लहान मुलावर असा प्रयोग आज कुणालाही करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.) १७९८ साली त्यांनी पुस्तक लिहिले, त्यात या रोगाला नाव दिले 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे गाईची देवी.

इथवर हा शब्द एकाच रोगापुरता होता. पुढे लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि अँथ्रॅक्सवर तसाच उपाय शोधला. त्यात गाईचा काहीच संबंध नव्हता. तरीही १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी सुचवले, की जेन्नर यांच्या सन्मानार्थ अशा सगळ्याच उपायांना व्हॅक्सिन म्हणावे. आज व्हॅक्सिनच्या कुपीत गाय नाही, आहे ती पाश्चर यांची कृतज्ञता.

आता मराठीकडे. जेन्नर यांचा उपाय बगदाद, बसरा करत मुंबईला पोचला आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला. शीतपेट्यांचा तो काळ नव्हे. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचायचा, अशी साखळी धरूनच तो एवढा प्रवास करू शकला. जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला मराठी माणूस 'लस' म्हणतोच. लॅटिन नाव रोग कुठून आला ते सांगते. मराठी नाव हातात प्रत्यक्ष काय आहे ते सांगते. मला दुसरे अधिक नेमके वाटते.

बोलीने तर याहून मजेदार वाट काढली. 'देवी आल्या' म्हणजे आजार झाला, 'देवी काढल्या' म्हणजे लस टोचली. एकाच नामाला क्रियापद बदलून रोग आणि उपाय असे दोन्ही अर्थ मिळाले. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यामुळे आज चाळिशीच्या आतल्या वाचकांना 'लहानपणी देवी काढल्या होत्या' हे वाक्य समजावून सांगावे लागते.

पुढच्या आठवड्यात : चाळीस दिवसांचा हिशेब पोटात घेऊन फिरणारा शब्द, क्वारंटाइन.