रिकाम्या बाटलीचे मोल

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात दिघे, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ही नावे एकामागून एक येतात. यांपैकी पावणे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर या गावाच्या शिवारात कारखाने, गोदामे व कार्यशाळा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईच्या उभारणीला प्रारंभ झाला. १९९२ च्या आरंभापासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आज येथे दिवसपाळी व रात्रपाळीला येणारा कामगार, मालमोटारीचा चालक, उपाहारगृहातील गिऱ्हाईक असे सर्वच जण पाण्याची वा शीतपेयाची बाटली विकत घेतात. पाणी पिऊन होते, बाटली उरते. या उरलेल्या बाटलीचे पुढे काय होते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

डोंगरावरून उतरणारे पावसाळी नाले औद्योगिक क्षेत्रातून वाहत ठाणे खाडीला मिळतात. रस्त्याकडेला पडलेली बाटली पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात जाते, नाल्यातून खाडीत जाते आणि कांदळवनाच्या मुळांत वा कोळ्यांच्या जाळ्यात अडकते. याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा लाभला. याउलट तीच बाटली वेळीच गोळा झाली, तर ती कारखान्याचा कच्चा माल ठरते. बाटली कचरा व्हावी की कच्चा माल, हे तिच्या अंगच्या गुणापेक्षा ती परत आणण्यात कोणाचा काही लाभ आहे की नाही, यावर अवलंबून असते. रिकामी बाटली परत करणाऱ्यास रोख परतावा देण्याच्या योजनेमागील तत्त्व हेच आहे.

अनामतीची जुनी रीत

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी शासनाने उभारलेल्या आरे दुग्ध वसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या योजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व डॉ. वर्गीस कुरियन यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. आरेचे दूध काचेच्या बाटलीत, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे झाकण लावून दूधकेंद्रावर येत असे. रिकामी बाटली द्यावी आणि भरलेली घ्यावी, हा तेथील रोजचा व्यवहार होता. त्यासाठी कोणास व्याख्यान द्यावे लागत नसे. धुतलेली रिकामी बाटली घराबाहेर पडताना पिशवीत ठेवणे हे शहरातील कुटुंबांच्या अंगवळणी पडले होते.

गोटी सोड्याची बाटली, शीतपेयांची जाड काचेची बाटली यांचीही हीच रीत. गिऱ्हाईकाने बाटली दुकानातच रिती करावी किंवा अनामत ठेवून घरी न्यावी. काचेची एक बाटली अशा रीतीने वीस-पंचवीस वेळा भरली जाऊ शकते. बाटली ही विक्रेत्याची मालमत्ता आहे व गिऱ्हाईक ती तात्पुरती वापरतो, असा या व्यवहाराचा अर्थ होता. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या व पेटच्या हलक्या बाटल्या आल्या. फुटण्याची भीती गेली, वाहतूक स्वस्त झाली. परंतु त्याबरोबर अनामतही गेली आणि रिकाम्या बाटलीचा धनी कोणी उरला नाही.

धनी नसलेल्या या वस्तूला ज्यांनी मोल दिले, ते म्हणजे डबा-बाटलीवाले, भंगारवाले आणि कचरावेचक. पुण्यातील कचरावेचकांच्या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संघटना आणि मुंबई परिसरात कचरावेचक स्त्रियांमध्ये काम करणारी स्त्री मुक्ती संघटना यांनी एक गोष्ट स्पष्ट केली: महाराष्ट्रात पुनर्वापराचा पाया याच श्रमिकांनी घातला आहे.

बाटलीपासून धाग्यापर्यंत

पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची बनते त्यास ‘पेट’ म्हणतात. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ हा आकडा ही त्याची खूण होय. गोळा केलेल्या बाटल्या प्रथम रंगानुसार निवडल्या जातात, कारण पारदर्शक मालास अधिक भाव मिळतो. मग त्यांचे बारीक तुकडे करून ते गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतले जातात. पेट पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते. झाकणाचे प्लॅस्टिक हलके असल्याने तरंगते. अशा साध्या युक्तीने दोन्ही वेगळी होतात. मात्र पीव्हीसीचे तुकडे पेटप्रमाणेच बुडतात व थोड्या प्रमाणातही सारा माल बिघडवतात. त्यामुळे आरंभीच्या निवडीस फार महत्त्व आहे. स्वच्छ तुकडे पूर्ण सुकवून, सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळवून त्यांचा पॉलिएस्टर धागा काढता येतो. कापड, गालिचे, उशांचा भराव अशा वस्तू त्यापासून बनतात. अधिक काटेकोर प्रक्रिया केल्यास पुन्हा बाटलीही बनविता येते.

काचेचेही असेच आहे. भट्टीत फुटक्या काचेचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढविले की सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. एक लिटरच्या पेट बाटलीचे वजन सुमारे २० ग्रॅम धरले, तर एक किलोसाठी ५० बाटल्या वेचाव्या लागतात. त्या जागाही फार व्यापतात. न चेपता वाहून नेल्यास मालमोटारीतून बव्हंशी हवाच नेली जाते. म्हणून केवळ भंगाराच्या भावावर विसंबल्यास जवळची, स्वच्छ व एकगठ्ठा मिळणारी बाटलीच गोळा होते. नाल्याकाठची, माळावरची, घाटातील बाटली तशीच पडून राहते. परताव्याची रक्कम ही उणीव भरून काढते, कारण ती वजनावर ठरत नाही, तर नगावर ठरते.

महाराष्ट्रातील पाऊल

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेली गटारे व त्यांत अडकलेले प्लॅस्टिक यांचा अनुभव त्या वेळी सर्वांनी घेतला. पुढील वर्षी महाराष्ट्र अविघटनशील घनकचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ अस्तित्वात आला. याच अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंविषयी अधिसूचना काढली. पेट बाटल्यांवर परत-खरेदीची किंमत छापावी, अशी तरतूद तीत होती. मूळ अधिसूचनेत अर्धा लिटरच्या बाटलीस २ रुपये व एक लिटर वा त्याहून मोठ्या बाटलीस १ रुपया असा परतावा सांगितला होता. लहान बाटली अधिक संख्येने व वाटेल तेथे फेकली जाते. तिला अधिक मोल देण्यामागील हेतू उघड आहे.

अधिसूचनेत पुढे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. तथापि हा परतावा व्यवहारात सर्वत्र रुजला, असे म्हणता येणार नाही. याचे कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल. बाटलीवर किंमत छापणे हा योजनेचा पहिला भाग होय. बाटली कोणी घ्यायची, दुकानदाराने दिलेले पैसे त्यास कोणी व किती दिवसांत परत करायचे, जमलेल्या बाटल्या कोठे साठवायच्या, एकाच बाटलीवर दोनदा परतावा जाऊ नये म्हणून खूण कोणती करायची, या चार प्रश्नांची उत्तरे ठरल्याशिवाय छापील रुपया नागरिकाच्या हाती पडत नाही.

इतरत्र आलेला अनुभव

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७१ मध्ये बाटल्यांवरील अनामतीचा कायदा केला. ५ सेंटची अनामत अनेक दशके तशीच राहिली. महागाईमुळे तिचे मोल घटले व परतीचे प्रमाणही घसरले. २०१७ मध्ये ती १० सेंट होताच ते पुन्हा वाढले. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्यांवर अनामत घेतली जाते. आज ती २५ सेंट आहे व ९५ टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात.

आपल्या देशातील उदाहरणे अधिक जवळची आहेत. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन ते रिकामी बाटली आणताच परत देण्यास सुरुवात झाली. डोंगरउतारावरील फुटक्या काचांनी वन्य प्राण्यांना होणाऱ्या इजा हे त्यामागील कारण होते. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्याने योजना इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. केदारनाथच्या यात्रामार्गावर प्लॅस्टिक बाटल्यांसाठी २०२२ मध्ये अशीच १० रुपयांची अनामत सुरू झाली. शेजारच्या गोवा राज्याने २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली.

या सर्व अनुभवांतून दोन गोष्टी दिसतात. रक्कम इतकी असावी की ती सोडून देणे जिवावर येईल. आणि परतीचे ठिकाण खरेदीच्या ठिकाणाइतकेच जवळ असावे.

कचरावेचकांचा वाटा

परताव्याची योजना आखताना एका घटकाचा विसर पडता कामा नये. परतीची यंत्रे केवळ मोठ्या दुकानांत बसविली व तेथे पोत्यातून आणलेल्या बाटल्या घेण्यास नकार मिळाला, तर बाटलीचे मोल वाढूनही वर्षानुवर्षे ती वेचणाऱ्या स्त्रीच्या हाती काही येणार नाही. उलट तिच्या पोत्यातील सर्वांत मोलाचा जिन्नस तेवढा कमी होईल. याउलट संकलन केंद्र चालविण्याचे काम कचरावेचकांच्या बचत गटास वा सहकारी संस्थेस दिले, तर ग्राहकाने टाकून दिलेल्या प्रत्येक बाटलीचा परतावा त्यांच्या संसारास हातभार लावील. आधीच प्रशिक्षित असलेला निवडणारा हातही योजनेस आपोआप लाभेल.

ग्रामपंचायत, शाळा व कारखाना

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ग्रामीण भागासही आपल्या कक्षेत घेतले व ग्रामपंचायतींवर जबाबदारी सोपविली. २०२२ मधील दुरुस्तीने उत्पादकांवर आपल्या वेष्टनांच्या पुनर्प्रक्रियेचे बंधन अधिक स्पष्ट केले. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. या तरतुदींचा आधार घेऊन पंचायतींना पुढील गोष्टी करता येतील:

• यात्रा, आठवडे बाजार व पर्यटनस्थळी विक्रेत्यांच्या संमतीने बाटलीमागे ठरावीक अनामत घेऊन ती तेथेच परत देण्याची व्यवस्था करणे.

• बाटल्या कोरड्या ठेवण्यासाठी छपराची जागा व चेपण्याचे साधे यंत्र उपलब्ध करणे, आणि गोळा झालेला माल तालुका केंद्राकडे पाठविणे.

• संकलनाचे काम बचत गटाकडे देऊन जमा-खर्च ग्रामसभेपुढे मांडणे.

शिक्षकांना हा विषय गणिताच्या तासातही घेता येईल. समजा, पावण्यातील २०० कामगारांच्या एका कारखान्यात प्रत्येकी रोज एक लिटरची एक बाटली रिकामी होते. महिन्याच्या २५ दिवसांत ५,००० बाटल्या, म्हणजे सुमारे १०० किलो पेट जमते. बाटलीमागे १ रुपया परतावा धरल्यास ही रक्कम ५,००० रुपये होते. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचा असाच हिशेब मांडला, तर कचऱ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल. त्याच हिशेबातून, पाण्याची टाकी व स्वतःचा पेला वापरल्यास बाटलीच लागत नाही, हा अधिक मोलाचा निष्कर्षही त्यांना काढता येईल.

स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबईने देशात तिसरा क्रमांक मिळविला. घरातील ओला व सुका कचरा वेगळा करण्याची सवय या शहराने लावून घेतली आहे. औद्योगिक क्षेत्रात, जेथे बाटली घराबाहेर रिकामी होते, तेथेही ही सवय पोहोचली पाहिजे. नियम, छापील किंमत व यंत्रे ही साधने आहेत. आरेची रिकामी बाटली न चुकता केंद्रावर नेणाऱ्या पिढीने हे सहज साधले होते. बाटली परत घेण्याची खिडकी जवळ असेल आणि हातावर पडणारा परतावा निश्चित असेल, तर पावण्याच्या नाक्यावरील कामगारही तेच करील. ती खिडकी उघडणे हे उत्पादक, विक्रेते आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचे संयुक्त कर्तव्य होय.