पाच मीटरची चूक

सकाळी ६.४०. खिशात फोन, गळ्यात मित्राकडून आठवड्यापुरतं आणलेलं बोलकं जीपीएस यंत्र, हातात पांढरी काठी. असं यंत्र विकत घ्यायचं की फोनवर भागवायचं, हे आज ठरवायचं आहे.

७.१०. गंगाखेडहून परभणीची एसटी. खिडकी मुद्दाम धरली. पत्र्याखाली उपग्रहांचा सिग्नल मंदावतो. गोदावरीच्या पुलाचे सांधे चाकांखाली खडखडले, वारा गार झाला आणि मग फोन बोलला. त्याचा दोष नाही, माझी या पुलाशी वीस वर्षांची ओळख. पुढं रेंज गेली तरी तो बोलत राहिला. जागा उपग्रहांवरून कळते, रेंज लागते नकाशाला, आणि नकाशा मी रात्रीच उतरवून ठेवला होता. दैठणा आलं तसं गळ्यातलं यंत्र इंग्रजी थाटात म्हणालं, "डायथाना."

शेजारच्या मावशी दचकल्या. "कोण बोललं बाबा?"

"यंत्र हाय मावशी, गाव सांगतंय."

"आपलं दैठणा न्हाई ते."

फोनचा आवाज मराठी आहे, त्याला गावाचं नाव नीट घेता येतं.

८.२५. परभणी. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटर. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करायची, तेव्हा ती १०० मीटरपर्यंत जाई. त्या मानानं हे सोनंच. पण स्टेशन रोडला ५ मीटरांत पानटपरी, उघडी नाली आणि ऑटोंची रांग, तिन्ही मावतात. नाली काठीच सांगते.

इथं मात्र यंत्रानं फोनला हरवलं. एक बटण दाबून त्या जागेवर माझ्याच आवाजात खूण ठेवली: "फरशी तुटलीय, उजवीकडून." एका हातात काठी असताना फोनच्या काचेवर हे जमत नाही, घामेजलं बोट घसरतं, भलतंच काही उघडतं. ऑफिसची गल्ली मात्र यंत्राच्या नकाशात नाहीच.

दुपारी १.३०. डबा. "सर, फोन असताना पन्नास हजार कशाला घालता?" प्रश्न रास्त आहे. पण मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये अंधांसाठी आणलेलं साउंडस्केप हे फोनवरचं ॲप, आजूबाजूच्या जागा त्या-त्या दिशेनं कानात सांगणारं, २०२३ मध्ये बंदही केलं. यंत्र निदान गळ्यात राहतं. कुणीतरी आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन सुचवली. ती वेगळी चीज. तिला पत्ता कळत नाही. साध्या काठीला न लागणारी लोंबती फांदी ती थरथरून कळवते.

संध्याकाळी ६.१५. अंधार पडला म्हणे. स्थानकात एका भल्या माणसानं न विचारता हात धरला आणि गाडीत बसवलं. गाडी लागली रस्त्याला, आणि फोन म्हणाला, उत्तर. गंगाखेड दक्षिणेला! जिंतूरची गाडी होती ती. कंडक्टरला बेल मारायला लावून उतरलो.

रात्री ९. ठरलं. फोनच ठेवणार, त्याला बटणांचा छोटा ब्लूटूथ कीपॅड आणि कानशिलावर बसणारे, कान मोकळे ठेवणारे इअरफोन. यंत्र रविवारी परत. तुम्हाला घ्यायचं असेल तर आधी उसनं आणा आणि रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर चालवून बघा. अनोळखी रस्त्यावर त्याची चूक तुम्हाला कळणारच नाही.