बदामात दडलेलं दूध

मुळशी तालुक्यातलं माण. एका अंगाला हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचं टोक, तर दुसऱ्या अंगाला अजूनही भाताची खाचरं. आश्विन पौर्णिमेच्या रात्री मात्र गावातल्या अंगणात काय नि टॉवरच्या गच्चीवर काय, बेत एकच. मोठ्या पातेल्यात दूध आटतंय, केशराचा रंग चढतोय, वेलची-जायफळाचा वास सुटलाय. आणि दर वर्षी त्या घोळक्यात कुणीतरी हळूच म्हणतंच, "मला नको, दूध पचत नाही." अलीकडे आणखीही एक उत्तर ऐकू येतं : "मी दूध सोडलंय."

या मंडळींनी कोजागिरीला नुसतं चांदणं प्यायचं का? मुळीच नाही. गाई-म्हशीच्या दुधाचा थेंबही न वापरता मसाला दूध होतं, आणि फर्मास होतं. पण मला कृतीपेक्षाही मोह पडतो तो त्या कृतीच्या पोटात जे घडतं त्याचा. मिक्सरच्या भांड्यात आपण बदामापासून दूध तयार करतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण काहीच तयार करत नाही!

आधी हे "पचत नाही" म्हणजे काय ते पाहू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. पावशेर पेल्यात साधारण बारा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच चमचे. तिचे दोन तुकडे केल्याशिवाय आतडं तिला आत घेत नाही, आणि ते तुकडे करणारं लॅक्टेज हे विकर तान्ह्या बाळाकडे भरपूर असतं. मग बाळ मोठं होतं, अंगावरचं दूध सुटतं आणि लॅक्टेज बनवण्याचं काम शरीर हळूहळू आवरतं घेतं. मांजर, हत्ती, माणूस, सगळ्या सस्तन प्राण्यांची हीच रीत. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच होतं. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, पोट गुडगुडतं. म्हणजे ज्याला दूध पचत नाही त्याच्यात काही बिघाड नाही. नवल आहे ते ज्यांना साठाव्या वर्षीही पेलाभर दूध पचतं त्यांचं!

त्यांना ते का पचतं? लॅक्टेजच्या जनुकापासून डीएनएची सुमारे चौदा हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या भलत्याच जनुकाच्या पोटात, एक अक्षर बदललंय म्हणून. 'सी'च्या जागी 'टी'. बस्स, एवढंच! त्या एका अक्षरामुळे बाळपणी चालू असलेलं बटण जन्मभर चालूच राहतं. आणि भारतात दूध पचवणाऱ्या अनेकांच्या पेशींत जो बदल सापडतो, तो युरोपातल्या लोकांत सापडणारा तोच बदल आहे, एकाच मुळातून आलेला. हजारो वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या भटकंतीची खूण गच्चीवर रिचवल्या जाणाऱ्या पेल्यात निघते.

आता बदामाकडे वळू. दूध पांढरं का दिसतं? त्यात पांढरा रंग असतो म्हणून? नाही. दुधात पाणी असतं, आणि त्या पाण्यात स्निग्धाचे नि प्रथिनांचे अब्जावधी सूक्ष्म कण तरंगत असतात. प्रकाश त्यांच्यावर आदळतो, इकडेतिकडे विखुरतो, सगळे रंग एकत्रच डोळ्यांपर्यंत येतात आणि आपल्याला पांढरं दिसतं. ढग पांढरे दिसतात तेही याच न्यायानं. मग बदाम पाण्यात वाटल्यावर पांढरंशुभ्र का होतं? अर्थात त्यातही तसेच कण असले पाहिजेत. पण ते आले कुठून?

इथे थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. बदामात निम्मं वजन तेलाचं असतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे शाळेत शिकलेलो असतो. ते मिसळावं म्हणून कारखान्यांत प्रचंड दाबानं थेंब फोडणारी यंत्रं बसवतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरला हे जमावं कसं? उत्तर असं की, मिक्सरला ते जमवावंच लागत नाही. बदामाच्या झाडानं ते आधीच करून ठेवलंय.

बदाम म्हणजे बी. उद्याच्या झाडाची शिदोरी. ही शिदोरी बी एका मोठ्या थेंबात साठवत नाही, तर साधारण एक-दोन मायक्रोमीटरच्या इवल्याशा थेंबांत साठवते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक थेंबाभोवती एक अतिशय पातळ आवरण असतं आणि त्यात ओलिओसिन नावाची प्रथिनं रुतलेली असतात. फळीत खिळा ठोकावा तसं या प्रथिनाचं टोक तेलात खोल गेलेलं, नि डोकं बाहेर, पाण्याच्या बाजूला. त्यामुळे एक थेंब दुसऱ्याला चिकटत नाही, दोन थेंब मिळून मोठा होत नाही. बी वाळो, महिनोन्‌महिने डब्यात पडून राहो, थेंब आपले वेगळेच.

आणि इतके बारीक थेंब कशाला? हिशोब करून पाहा. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल एकेक मायक्रोमीटरच्या थेंबांत वाटलं तर जवळपास दहा लाख कोटी थेंब होतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग पसरला तर भरतो तीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२० चौरस फूट. माणमध्ये घर शोधणाऱ्याला हा आकडा लगेच कळेल. एका चमच्यात एक छोटेखानी वन आरके! बी रुजायला लागलं की तेल पचवणाऱ्या विकरांना काम करायला एवढी जागा मिळते आणि कोंबाला झटपट ऊर्जा पोचते.

आता दुधाकडे पुन्हा पाहा. गाईच्या दुधातही स्निग्ध पदार्थ असाच इवल्या गोळ्यांच्या रूपात असतो, आवरणासकट. एकीकडे वासरासाठी, दुसरीकडे रोपट्यासाठी. प्राणी आणि वनस्पती यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी पिल्लाला तेल पुरवायचं कसं या प्रश्नाला दोघांनी असं मिळतंजुळतं उत्तर काढलं. मला याहून थक्क करणारी गोष्ट स्वयंपाकघरात दुसरी सापडलेली नाही.

पटत नसेल तर पुरावा तुमच्या घरातच आहे. शेंगदाण्याचं कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की काय होतं? कूट तेलकट होऊन भांड्याला चिकटतं. कोरडं वाटताना थेंबांची आवरणं फाटतात, तेल एकत्र येतं, लाडू वळता येतो. पण तेच दाणे भिजवून पाण्याबरोबर वाटा. तेल कुठेच दिसत नाही, पांढरं दूध मिळतं! पाणी मध्ये आलं की थेंब अख्खे सुटतात आणि वेगवेगळे तरंगतात. उपासाची दाण्याची आमटी करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या भगरीवर हेच दूध ओतत आल्या आहेत.

म्हणूनच बदाम भिजवायचे. रात्रभर, आठेक तास. मध्ययुगातल्या युरोपातही बदामाचं दूध काढत. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तिथे दूध वर्ज्य असे, तेव्हा श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत बदामाच्या दुधावर मदार असायची. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास संकलित केलेल्या पाककृतींत ते जागोजागी येतं. आपल्याकडच्या थंडाईचा पायाही वाटलेले बदाम हाच.

"मग नारळाचं दूध का नको? कोकण जवळच आहे की!" सोलकढीसाठी त्याला तोड नाही, कारण ती तापवत नाहीत. मसाला दूध मात्र गरम हवं, आणि नारळातली प्रथिनं साधारण ऐंशी अंशांच्या पुढे गोठू लागतात, तेल सुटतं, दूध फुटतं. कोकणातल्या सुगरणी घट्ट दूध अगदी शेवटी घालून लगेच गॅस बंद करतात, ते उगाच नाही. शिवाय नारळाचा वास दांडगा, केशराला बोलूच देत नाही. कोजागिरीला माझा कौल बदामालाच.

चौघापाच जणांसाठी वाटीभर बदाम, पंधरा-वीस काजू आणि एक मोठा चमचा आंबेमोहोर तांदूळ भिजत घाला. सकाळी बदाम सोला. आधी अगदी थोड्या पाण्यात सगळं गंधासारखं बारीक वाटा, मग एकूण लिटरभर पाणी होईल असं वाढवत पुन्हा फिरवा आणि पंचातून गाळून घट्ट पिळा.

काजू आणि तांदूळ कशाला? खरं मसाला दूध दाट होतं ते आटून. बदामाचं दूध तसं तासभर आटवत बसलात तर त्यातली प्रथिनं गुठळ्या धरतील. म्हणून दाटपणा दुसरीकडून आणायचा. काजूत बदामापेक्षा कितीतरी जास्त स्टार्च असतो, आणि तांदूळ तर बव्हंशी स्टार्चच. त्याचे कण इतके बारीक की कापडातूनही सहज निसटतात. मंद आचेवर सत्तरेक अंशांपर्यंत पोचलं की हे कण पाणी पिऊन फुगतात, आणि पाण्यासारखं सळसळणारं दूध पाहता पाहता रबडीच्या वाटेला लागतं. ढवळणाऱ्या हाताला तो क्षण कळतो, डाव जड होतो.

आंबेमोहोरच का? कारण तो इथला आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याच्या सुगंधामागचा मुख्य रेणू बासमतीतही असतो आणि ताज्या भाजलेल्या पावाच्या कडेतही. चमचाभर तांदळानं दुधाला हलकासा मोहोर येतो.

मग केशर. केशर दुधात भिजवायची आपली सवय. इथे ते दोन चमचे कोमट पाण्यात भिजवा. गाजराचा केशरी, मिरचीचा लाल हे कॅरोटिनॉइड जातीचे रंग पाण्याला दाद देत नाहीत, ते तेलात उतरतात. म्हणून तर मिसळीची तर्री वर लालभडक तरंगते! केशराचा रंगही त्याच कुळातला, पण त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना साखरेच्या जोड्या लटकलेल्या असतात. साखरेला पाणी आवडतं, आणि तिच्या ओढीनं अख्खा रेणूच पाण्यात उतरतो. कुळाचा नियम मोडून!

वेलची आणि जायफळ यांचं उलट. त्यांचा सुगंध तेलात रमतो. म्हणून नुसत्या पाण्यात वेलची घातली तर वास भपकन येऊन जातो. दुधातले तेलाचे थेंब तो धरून ठेवतात आणि घोटाघोटाला थोडा थोडा सोडतात. या कामात बदामाचे थेंब गाईच्या थेंबांना हार जात नाहीत. मसाला आयत्या वेळी कुटा आणि गॅस बंद करताना घाला.

एक उणीव राहते : आटलेल्या दुधाचा तो खरपूस वास. लॅक्टोज आणि प्रथिनं तापून एकमेकांशी भिडली की तो येतो, आणि इथे लॅक्टोज नाही. म्हणून मूठभर बदाम नि थोडी चारोळी वेगळी कोरडी भाजा, जाडसर कुटा आणि शेवटी घाला. भाजण्यात तोच खेळ बदामाची स्वतःची साखर नि प्रथिनं खेळतात. सगळेच बदाम मात्र भाजू नका, आवरणं दुखावली की दूध नीट उतरत नाही. गोडीला साखर पाच-सहा चमचे. गूळ नको, त्याच्या आंबटपणानं हे दूधही फाटू शकतं. आणि उकळी फुटू देऊ नका. कडेला बुडबुडे आले की पुरे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सणाचं पेय आहे, मुलांच्या रोजच्या दुधाला पर्याय नाही. बदाम वाटून गाळलेल्या पाण्यात दुधाइतकं कॅल्शियम नसतं, आणि बी-१२ तर नसतंच. बदाम-काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी याच्या वाटेलाही जाऊ नये. वनस्पतीतून दुधाची बरोबरी साधण्याचा ध्यास गांधीजींनी कित्येक वर्षं घेतला होता. १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं, पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहानं शेळीच्या दुधापुरती वाट मोकळी केली. आणि १९४२मध्ये इथेच, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावरचं पुस्तक लिहिताना त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं की, प्रकृती पूर्ण ठणठणीत राहायची तर शाकाहारात दूध लागतंच. अनुभवापुढे आवडता सिद्धान्त बाजूला ठेवण्याचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

बाजारात डब्यांतलं बदामाचं दूध मिळतं. कित्येक डब्यांवर बारीक अक्षरात बदाम दोन-तीन टक्केच असल्याचं छापलेलं असतं, बाकी पाणी, साखर आणि दाटपणासाठी डिंक. त्यात वरून कॅल्शियम घातलेलं असतं, हा त्याचा फायदा. कोजागिरीला मात्र घरचंच करा. पिळून उरलेला चोथा टाकू नका, साखरेच्या पाकात त्याच्या वड्या पडतात, किंवा थालीपिठाच्या पिठात तो बेमालूम मुरतो.

आणि गाळलेल्यातलं पेलाभर दूध न तापवता बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर घट्ट पांढरा थर आलेला दिसेल, खाली पातळसर पाणी. नासलं म्हणून ओतून देऊ नका! तेल पाण्याहून हलकं, म्हणून थेंब रात्रभरात वर चढलेत एवढंच. एकमेकांना खेटून, दाटीवाटीनं बसलेत, पण ओलिओसिनच्या पहाऱ्यामुळे एकत्र मिसळलेले नाहीत. बाटली हलवा. पाचदहा सेकंदांत सगळं पुन्हा एकसारखं पांढरं.