विश्लेषण : पणजीची पेटी दिवाणखान्यात! अमेरिकेतील शेतघरांत नॉर्वेचा वारसा कसा जपला जातो?

फार्महाऊस म्हटले की आपल्याकडे कर्जत-लोणावळ्याचा वीकेंड डोळ्यासमोर येतो. अमेरिकेतील आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांत मात्र फार्महाऊस म्हणजे शेतकऱ्याचे शेतातले राहते घर. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांच्या अशा घरांत दिवाणखान्यात कधी कधी एक जुनी लाकडी पेटी दिसते. लोखंडी पट्ट्या, गोलसर झाकण, वर रंगीत वेलबुट्टी, एक नाव आणि एक साल. नॉर्वेतून अमेरिकेकडे सुरू झालेल्या संघटित स्थलांतराला २०२५ मध्ये २०० वर्षे पूर्ण झाली. घरातल्या जुन्या वस्तूंनी घर सजवताना नेमके काय जपायचे, काय टाळायचे, हे या पेटीच्या निमित्ताने समजून घेऊ.

या पेट्या अमेरिकेत कशा पोहोचल्या?

४ जुलै १८२५ रोजी ‘रेस्टोरेशन’ हे छोटे शिडाचे जहाज नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून ५२ जणांना घेऊन निघाले आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचले. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन लोकांनी अमेरिका गाठली. नॉर्वेत शेतीयोग्य जमीन कमी आणि वाटेकरी अनेक. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला नाममात्र शुल्कात १६० एकर मिळू लागली.

जहाजावर प्रत्येक कुटुंबाला मोजकेच सामान नेता येई. कपडे, अवजारे, धर्मग्रंथ आणि प्रवासाची शिदोरी पेटीत भरली जाई. नव्या जमिनीवर लाकडाच्या ओंडक्यांची किंवा मातीची खोपटी उभी राहिली, तेव्हा हीच पेटी कपाट झाली, बाक झाली आणि जेवणाचे टेबलही.

पेटीवरचे नाव कसे वाचायचे?

त्या काळी नॉर्वेतील ग्रामीण भागात कायमचे आडनाव नसे. वडील ओले असतील तर मुलगा ओलसेन आणि मुलगी ओल्सडाटर, म्हणजे ‘ओलेची मुलगी’. त्यापुढे अनेकदा शेतवाडीचे नाव लागे आणि वाडी बदलली की तेही बदले. प्रत्येकाने कायमचे आडनाव घ्यावे, असा कायदा नॉर्वेत १९२३ मध्ये आला.

त्यामुळे पेटीवर फक्त आद्याक्षरे असतील आणि शेवटचे अक्षर ‘डी’ असेल, तर ती बहुधा एखाद्या स्त्रीची पेटी असते. लग्नानंतरही नॉर्वेतील ग्रामीण स्त्री वडिलांच्याच नावाने ओळखली जाई. अमेरिकेच्या सरकारी कागदांवर मात्र तिला नवऱ्याचे आडनाव लागले. तिचे मूळ नाव घरात फक्त पेटीवरच उरले, असेही होऊ शकते.

आणखी एक गफलत नेहमी होते. पेटीवरचे साल प्रवासाचेच असेल असे नाही. अनेक पेट्या आधीच्या पिढीतल्या, लग्नात मिळालेल्या होत्या. प्रवासाला निघताना काहींवर नवे नाव किंवा ‘अमेरिका’ असा पत्ता रंगवला गेला.

इतके रंग कशासाठी?

आज ‘स्कँडिनेव्हियन’ सजावट म्हटले की पांढऱ्या भिंती आणि फिक्या लाकडाचे फर्निचर समोर येते. ही शैली विसाव्या शतकातली. जुनी नॉर्वेजियन शेतघरे रंगीबेरंगी होती, पण तीही सुरुवातीपासून नाही. पूर्वी घराच्या मधोमध चूल पेटे, धूर छपरातल्या भोकातून बाहेर जाई आणि भिंती काळ्या पडत. धुराडी आणि खिडक्या आल्या, घर उजळले आणि रंगवलेले टिकू लागले.

अठराव्या शतकात यातूनच ‘रोसमालिंग’ ही चित्रशैली बहरली. पेट्या, कपाटे, वाडगे आणि भिंतींवर फुले नि वेली रंगवण्याची ही कला. प्रत्येक खोऱ्याची ढब वेगळी. टेलेमार्कच्या वेली मोकळ्या, लपेटदार आणि दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या. हालिंगदालची फुले ठसठशीत आणि समतोल मांडणीची. त्यामुळे नाव पुसले गेले असले तरी पेटी कुठल्या खोऱ्यातली, याचा अंदाज जाणकार नक्षीवरून बांधू शकतात.

मग या वस्तू माळ्यावर का गेल्या?

कारखान्यात तयार झालेले फर्निचर आले आणि पेटी जुनाट वाटू लागली. ती माळ्यावर गेली, तर कधी गोठ्यात धान्य साठवायला.

दुसरे कारण राजकीय होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत परक्या भाषांविषयी संशय वाढला. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळा, सार्वजनिक ठिकाणे, प्रार्थना आणि अगदी टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलू नये, असा आदेश काढला. रोख जर्मनवर असला तरी फटका नॉर्वेजियन कुटुंबांनाही बसला. आदेश काही महिन्यांतच मागे घेतला गेला, पण घरातली भाषा मागे पडतच गेली. पेटी घरात राहिली, तिच्यावरची अक्षरे वाचणारे मात्र कमी झाले.

पुन्हा खाली कशा आल्या?

आयोवातील डेकोरा गावात १८७७ मध्ये सुरू झालेल्या संग्रहातून पुढे ‘वेस्टरहाइम’ हे संग्रहालय उभे राहिले. वेस्टरहाइम म्हणजे ‘पश्चिमेकडचे घर’. विस्कॉन्सिनमधील स्टॉटन गावात पेर लिस्ने हे गाडीच्या कारखान्यात घोडागाड्या रंगवत. महामंदीच्या काळात ते रोसमालिंगकडे वळले आणि त्यांच्या रंगवलेल्या थाळ्यांनी ही कला अमेरिकेत पुन्हा लोकप्रिय केली. १९६७ पासून वेस्टरहाइममध्ये नॉर्वेतील कलावंत रोसमालिंग शिकवू लागले. नातवंडांनी माळे धुंडाळले ते याच काळात.

घरात मांडताना कोणत्या चुका होतात?

• रंग खरवडणे : ‘नैसर्गिक लाकूड’ दिसावे म्हणून पेटी घासून पॉलिश केली की नाव, साल आणि नक्षी एकदमच जाते. ते परत आणता येत नाही.

• शिसे विसरणे : जुन्या रंगांत शिसे असू शकते. घासताना उडणारी धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक. जुन्या रंगवलेल्या वाडग्यात खाणेही टाळावे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती थेट १९७८ मध्ये.

• उन्हात ठेवणे : हार्डांगर भरतकाम किंवा हातमागाची पांघरुणे खिडकीजवळ टांगली की रंग उडतो, धागा कमकुवत होतो. हे नुकसान साचत जाते, भरून येत नाही. कापड काही महिने मांडून मग अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे आणि घडी घालण्यापेक्षा गुंडाळावे.

• शेकोटीवर टांगणे : उष्णता आणि ओलाव्याच्या चढउताराने लाकूड तडकते, रंगाचे पोपडे सुटतात. तापणारा माळा आणि दमट तळघर त्याच कारणाने वाईट.

सगळेच काचेआड ठेवायला हवे असे मात्र नाही. लेफ्से ही बटाट्याची पातळ पोळी लाटायचे खाचांचे लाटणे किंवा क्रुमकाके या कुरकुरीत गोड पदार्थाचा लोखंडी साचा धडधाकट असेल, तर नाताळात खुशाल वापरावा. रंगवलेली थाळी रोज हाताळायची असेल, तर आजच्या कलावंताकडून नवी करून घेतलेली बरी.

खरा धोका कोणता?

वाळवी किंवा उन्हापेक्षा मोठा धोका विस्मरणाचा आहे. शेत विकले जाते, मुले शहरात जातात, वस्तूंची वाटणी होते. पेटी एकाकडे, भरतकाम दुसऱ्याकडे आणि ते कुणाचे हे सांगणारी आजी आता नसते. कुणाची हे माहीत नसलेली पेटी बाजारात निव्वळ ‘अँटिक’ ठरते. तिला किंमत येते, पण घराशी नाते उरत नाही.

उपाय स्वस्त आहे. वस्तूचा फोटो काढावा; ती कुणाची, कुठली, कुणाकडून कुणाकडे आली, हे लिहावे. कागद पेटीच्या आत ठेवावा (चिकटपट्टी लावू नये) आणि त्याची प्रत भावंडांना पाठवावी.

आपल्याकडे ही सोय आधीपासून आहे. लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घातलेली असते. त्यातली किती भांडी नाव न वाचताच मोडीत जातात? यंदा दिवाळीत माळा आवराल, तेव्हा भांडे उलटे करून एकदा नाव वाचा. त्या नावाची माणसे ओळखणारे कुणी घरात असेल, तर फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून लगेच विचारा.