कुत्र्याचे कोपर

कुत्र्यास कोपर असते काय, असे विचारले तर पुष्कळ मुले गोंधळून जातील. त्याच्या पुढच्या पायाच्या वरील भागात, छातीलगत, मागील बाजूस टोक आलेला जो सांधा दिसतो, तेच त्याचे कोपर होय. आपल्या कोपराप्रमाणे तेथेही तीन हाडे एकत्र येतात : वर दंडाचे एक आणि खाली मनगटापर्यंत जाणारी दोन. मात्र कुत्र्याच्या देहाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून त्याचे कोपर निर्दोष असणे फार अगत्याचे असते.

पिलू वाढत असताना खालची दोन्ही हाडे बरोबरीने वाढावी लागतात. एक मागे पडले, तर सांध्यात जणू पायरी पडते. मग हाडांवरील मऊ कूर्चा झिजते व प्रसंगी हाडाचा टवकाही निघतो. जर्मन शेफर्ड जातीच्या काही पिलांत कोपराच्या मागील हाडाचा एक उंचवटा पाच महिन्यांनंतरही मूळ हाडाशी जुळत नाही.

हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर अशा थोराड जातींत तो विशेष आढळतो. दोन्ही कोपरे दुखत असली, तर पिलू लंगडतही नाही. ते केवळ खेळणे टाळते. अशा पिलास आळशी म्हणून हिणवू नये. पशुवैद्याकडून क्ष-किरणांनी तपासून घ्यावे. लाडाने त्यास अतोनात खाऊ घालणेही घातक होय. कारण वाढलेले प्रत्येक शेर वजन त्या दुखऱ्या सांध्यालाच पेलावे लागते.

मुक्या जनावराचे दुखणे त्याच्या चालीवरूनच ओळखावे लागते.